ग्लासावरची बशी

निवृत्त झाल्यावर बेलवलीच्या आमच्या सोसायटीत पहिल्या गणपतीला माझी ओळख करून देताना सेक्रेटरी म्हणाले, "हे साहेब सात वर्षं बारमध्ये होते." मंडपातल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. आमच्या हिने मागून घाईघाईने खुलासा केला, "अहो, म्हणजे ड्युटीवर!" त्यावर जो हशा झाला, तो अजून संपलेला नाही.

खरं म्हणजे मी स्वच्छता निरीक्षक. गटारं, कचराकुंड्या आणि डासांच्या अळ्या यांत निम्मं आयुष्य गेलं. मग एके दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, की तंबाखू नियंत्रण पथकात तुमचं नाव टाकलंय. हॉटेलं, परमिट रूम, बार, जिथे चार माणसं बसतात तिथे धूर दिसता कामा नये. माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हाही सिगारेटचं पाकीट होतं. दिवसाला सात-आठ ओढायचो मी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसा प्रकार. तुम्ही हसा खुशाल, आमचे साहेबही हसले होते.

हे काम बाहेरून वाटतं तेवढं शूरपणाचं नसतं. दारावर गाडी थांबली, की आत सिगारेटी विझायला चार सेकंद लागतात. कोणी टेबलाखाली चिरडतो, कोणी चकण्याच्या वाटीत खुपसतो, एका गृहस्थाने तर माझ्यासमोर पेटती सिगारेट बिअरमध्ये बुडवली आणि वर तो ग्लास उचलून माझ्याकडे बघत एक घोटही घेतला. हातात पुरावा काही नाही. म्हणून मी डोळ्यांवर विसंबणं सोडलं आणि नाकावर विसंबायला लागलो. धूर पळतो, पण त्याचा वास पडद्यात आणि सोफ्याच्या रेक्झिनमध्ये मुक्कामाला राहतो. पडदा हुंगणारा सरकारी माणूस म्हणून मी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत प्रसिद्ध झालो.

मालक लोक एकाहून एक वस्ताद. कायद्यात सवलत आहे, की जागा मोठी असेल तर ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली करता येते. तिचं दार आपोआप बंद व्हायला हवं आणि धूर बाहेर टाकणारा पंखा हवा. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठने खोली केली, दार बसवलं, पंखाही बसवला. फक्त तो पंखा धूर फेकत होता शेजारच्या फॅमिली सेक्शनमध्ये. तिथे एक बाई पदराने नाक धरून पनीर खात होत्या. मी शेठला ते दाखवलं तर तो हात जोडून म्हणाला, "साईं, कायद्यात फॅन लिखेला है, तर फॅन लगाया ना? अभी हवा किधर जायेगी वो तो ऊपरवाले की मर्जी!" पावती फाडताना माझा हात हसण्याने हलत होता. त्याने पंखा फिरवून घेतला आणि मी निघताना मला लस्सी पाजली.

पण मला लिहायचंय ते जयराम भोपीबद्दल. सात वर्षांत मी पुष्कळ नोटिसा दिल्या, पावत्या फाडल्या, शाळा-कॉलेजांत भाषणंही ठोकली. त्या सगळ्याची बेरीज या एका वेटरच्या कामापुढे थिटी आहे, असं मला आज स्वच्छ वाटतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीजवळ, बदलापूरच्या रस्त्याला एक परमिट रूम होती. नाव लिहीत नाही, मालक हयात आहे आणि तोंडाचा फटकळ आहे. दुपारी तीनला कारखान्यांची पहिली पाळी सुटली, की साडेतीनपर्यंत हॉल भरायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत इतका धूर होता की समोरच्या भिंतीवरचा गणपती अंदाजानेच ओळखावा लागला. गाडी लांब उभी करून आम्ही चालत गेल्यामुळे कोणालाच विझवायला वेळ मिळाला नाही. दारातच एक पन्नाशीचा, बारीक, पांढऱ्या मिशांचा वेटर समोर आला. त्याच्या हातात थोटकांनी भरलेली बशी होती. ॲश ट्रे ठेवणं गुन्हा, म्हणून या लोकांनी चहाच्या बशा ठेवायला सुरुवात केली होती.

मी मालकाला हाक मारली. तो गल्ल्यावरून उठलाही नाही. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

या पाटीबद्दल सांगायला हवं. 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी प्रत्येक ठिकाणी लागते आणि तिच्याखाली एका जबाबदार व्यक्तीचं नाव लिहावं लागतं. कोणी ओढत असेल तर त्या व्यक्तीकडे तक्रार करायची आणि तिने ते थांबवायचं. थांबवलं नाही तर दंड तिच्यावर. हे नाव मालकाचं किंवा मॅनेजरचं असावं अशी अपेक्षा. पण आमच्या भागातल्या हुशार मालकांनी पाटीवर वेटरची नावं टाकायला सुरुवात केली होती. या पाटीवर होतं, 'जबाबदार व्यक्ती : श्री. जयराम पदू भोपी.'

"त्यालाच विचारा," मालक म्हणाला. "जबाबदार तो आहे."

वेटरने बशी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि पाटीजवळ जाऊन सावकाश वाचलं. रोज तिच्याखालून शंभर वेळा जाणारा माणूस, पण वर बघायला सवड कुणाला होती?

"नाव तं माझाच हाय," तो म्हणाला.

कागद बरोबर होता. कागद बरोबर असला की आमच्यासारख्यांची अक्कल गहाण पडते. मी पावती जयरामच्या नावावर फाडली. मालक गालातल्या गालात हसत होता ते मला दिसलं होतं, तरीही फाडली. माझ्या नोकरीतली सर्वांत वाईट पावती ती.

मी निघालो तर जयराम माझ्या मागोमाग बाहेर आला. मला वाटलं, गयावया करणार. त्याने विचारलं, "साहेब, पाटीवर नाव लिवलंय म्हंजे मना लोकांना रोखायचा अधिकार हाय ना?"

"आहे," मी म्हणालो. मला पुढच्या ठिकाणी जायचं होतं.

"मंग लिवून द्या."

"काय?"

"हेच. ह्या पावतीच्या मागं लिवून द्या. शेठ उद्या बोलंल, तुला कोनी सांगितला?"

मनातून मला त्या पावतीची लाज वाटत होती, म्हणूनच असेल, मी दाराशी आणवलेल्या गाडीच्या बॉनेटवर पावती ठेवून मागे लिहिलं : 'सदर इसमास या जागेत धूम्रपान करणाऱ्यांना रोखण्याचा अधिकार आहे.' खाली सही केली. त्याने शिक्काही मागितला. बॅगेत फक्त आमच्या विभागाचा, कचऱ्याच्या नोटिसांवर मारायचा शिक्का होता. तोच मारला.

कागद घडी करून खिशात ठेवताना तो धापा टाकत होता. दहा पावलं चालला असेल जेमतेम. मी विचारलं, "बिडी किती ओढता?"

तो हसला. "डाक्टर बी हेच इचारतो. आजपत्तर बिडीला हात लावला नाय साहेब. तीस वर्सं ह्या हॉलमधी लोकांची वडली. घरच्या बाईला बी खरा वाटत नाय, माझं कपडे हुंगते ती." मग जरा थांबून, श्वास जमवून म्हणाला, "गिऱ्हाईक गेला तं नोकरी जाईल, धूर ऱ्हायला तं दम जाईल. तुमीच सांगा, काय करू?"

मी गाडीचं दार उघडलं. माझ्या खिशात पाकीट होतं.

महिन्याभराने मी पुन्हा अचानक गेलो. हॉल तसाच भरलेला, पण समोरचा गणपती दारातूनच स्वच्छ दिसला. मी पडदा हुंगला. पडदे धुतलेले होते. मला संशयच आला. आमच्या धंद्यात अशी सफाई म्हणजे कोणीतरी आधी फोन करून कळवल्याची खूण. मी जयरामला बाजूला घेऊन दरडावलं, "कोणी खबर दिली?"

"कोनी नाय. बसा साहेब. लिंबू-सोडा घ्या. नि बघा."

मी कोपऱ्यात बसलो. पाचेक मिनिटांत एका सुपरवायझरने खिशातून सिगारेट काढली. जयराम त्याच्या टेबलाशी गेला. पाटी दाखवली नाही, कायदा सांगितला नाही. त्याने खांद्यावरच्या फडक्याने एक बशी पुसली आणि त्या माणसाच्या अर्ध्या भरलेल्या ग्लासावर पालथी घातली. चकण्याची वाटी तिच्याजवळ सरकवली, खुर्ची टेबलाला टेकवली आणि म्हणाला, "या जाऊन. मी बघतो." तो माणूस मुकाट्याने उठला आणि मागच्या दाराने अंगणातल्या बदामाखाली गेला. तिथे जयरामने एक जुना बाक टाकून ठेवला होता. सिगारेट संपवून तो परत आला, बशी उचलली, एक घोट घेतला आणि पुन्हा गप्पांना लागला.

मी बघतच राहिलो. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, की ही माणसं उद्दाम आहेत, कायद्याला जुमानत नाहीत. म्हणून आम्ही दंड करत होतो. जयरामने मला समजावलं ते असं :

"माणूस उठत नाय तो गिलासापाय. गेला, की पोऱ्यांनी गिलास उचलला. न्हायतर बाजूच्यानी दोन घोट मारलं. न्हायतर जागा गेली. भरलेल्या हॉलमधी एकदा उठला का माणूस संपला. म्हनून तो बसल्या जागी वडतो. त्याला राग आपला नाय साहेब, त्याला भ्याव हाय."

त्याने हॉलमध्ये एकच नियम लावला होता. बशी पालथी असलेल्या ग्लासाला कोणी हात लावायचा नाही, शेठनेसुद्धा नाही. थोटकं झेलायला ठेवलेल्या त्याच बशा आता ग्लासांची राखण करत होत्या. मी त्या दिवशी घरी येऊन हिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं साधं तुमच्या ऑफिसात कोणाला सुचलं नाही?" नव्हतं सुचलं खरं.

तरी मालकाची कुरकुर चालूच होती. बाहेर गेलेलं गिऱ्हाईक बाहेरूनच घरी जाईल, अशी त्याला धास्ती. जयरामला त्याने बजावलं होतं, की एक जरी कायमचं गिऱ्हाईक तुटलं तर तूही घरी.

आणि मग भाऊ आले.

भाऊ म्हणजे त्या पट्ट्यातले जमिनीचे व्यवहार करणारे बडे गृहस्थ. गळ्यात जाड साखळी, बरोबर दोन-तीन माणसं, आणि पंख्याखालचं टेबल त्यांचं ठरलेलं. त्या दुपारी मी साध्या कपड्यांत कोपऱ्यात लिंबू-सोडा घेत बसलो होतो. खरं सांगतो, मी तपासणीला गेलो नव्हतो. जयरामचं काम बघायला मला आवडायला लागलं होतं.

भाऊंनी सिगारेट पेटवली. जयराम गेला, ग्लासावर बशी घातली, म्हणाला, "या जाऊन भाऊ. मी बघतो."

भाऊंनी बशी उचलली, सुलटी केली आणि तिच्यात राख झटकली.

जयराम गेला आणि दुसरी बशी घेऊन आला. पुसली, ग्लासावर घातली. भाऊंनी तीही काढून बाजूला ठेवली. तो तिसरी घेऊन आला. हॉलमधल्या गप्पा एकेका टेबलावर बंद होत गेल्या. चौथ्या बशीला जयरामचा दम मला कोपऱ्यात ऐकू येत होता, पण त्याचा हात हलला नाही आणि तोंडातून वाकडा शब्द गेला नाही.

"शेठ," भाऊ म्हणाले, "ह्याला काढ. न्हायतर मी आजपासून येत नाय."

मालक गल्ल्यावरून ताडकन उठला. या खेपेला उठला. "जयराम, एप्रन काढ. जा घरी."

जयरामने एप्रन काढला नाही. त्याने सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. माझी पावती! त्याने ती प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली होती, रेशनकार्ड ठेवतात तशी. पाठीमागची बाजू वर करून त्याने मोठ्याने वाचलं, "सदर इसमास या जागेत धूम्रपान करणाऱ्यांना रोखण्याचा अधिकार आहे." शेवटच्या शब्दापर्यंत पोचायला त्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

"कुनाची सही हाय?" भाऊंनी विचारलं.

आता मला उठणं भाग होतं. उठलो आणि म्हणालो, "माझी."

भाऊंनी मला खालून वर पाहिलं. त्यांची नजर माझ्या खिशावर थांबली. "वा साहेब! आनि हे खिशात काय, अगरबत्तीचा पुडा?"

सगळा हॉल हसला. इतकं शरमिंदं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. जयराम मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याची नोकरी त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघतं यावर लटकत होती. दंडाची पावती फाडता आली असती. पण मी फाडून निघून गेलो असतो आणि मालकाने पाचव्या मिनिटाला त्याला हाकललं असतं, एवढं मला कळत होतं.

मी पाकीट खिशातून काढून हातात घेतलं. सर्वांना दिसेल असं. "बरोबर आहे भाऊ. मलाही तल्लफ आली आहे," मी म्हणालो. "जयरामराव, माझा ग्लास बघा." आणि मागच्या दाराकडे चालायला लागलो. वळून पाहिलं तर जयराम माझ्या लिंबू-सोड्यावर बशी पालथी घालत होता, इतक्या अदबीने की जणू आत देवाचं तीर्थ आहे.

बदामाखाली बाकावर बसून मी सिगारेट पेटवली. अर्धी झाली असेल, तेवढ्यात दार वाजलं आणि भाऊ बाहेर आले. एकटेच. माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघे ओढत राहिलो. मग ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब, तो माझा गिलास बरोबर बघंल ना?"

मी म्हणालो, "तुमच्या सात-बारापेक्षा नीट बघेल."

भाऊ खो खो हसले. आत गेले तेव्हा ग्लास बशीखाली जसाच्या तसा होता. मालकाने एप्रनचा विषय पुन्हा काढला नाही. पुढे काही दिवसांनी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, एका नव्या माणसाने काडी ओढली तर भाऊच त्याच्यावर खेकसले, "ए, भायेर! जयराम बघंल गिलास."

मग मी जयरामची युक्ती सगळीकडे नेली. उल्हासनगरच्या पंखेवाल्या शेठलाही सांगितली. तो म्हणाला, "साईं, ये बात पहिले बोलनी थी ना, फॅन का झंझट बच जाता!" जिथे वेटर शहाणा होता, तिथे ती चालली. जिथे ग्लासाला हात लागला, तिथे महिन्यात बंद पडली. आमच्या वार्षिक अहवालात मात्र लिहिलं गेलं, की 'विभागाच्या प्रबोधनामुळे लक्षणीय सुधारणा.' अहवाल मीच लिहिला होता. जयराम भोपी हे नाव त्यात घालावं असं माझ्या मनात आलं होतं, पण वेटरचं नाव सरकारी अहवालात कसं दिसेल, म्हणून राहिलं. आता वाटतं, फार चांगलं दिसलं असतं.

गेल्या दिवाळीत मी जयरामच्या गावी, खरवईला, त्याच्याकडे गेलो. त्याने काम सोडून तीन वर्षं झाली होती. आजूबाजूला टॉवर उठलेत, मध्ये त्याचं कौलारू घर तेवढं जुनं. ओटीवर खुर्चीत बसून होता. बाजूला औषधाचा पंप, जो तोंडाला लावून दाबायचा. तीस वर्षांचा धूर पडद्यातून धुऊन निघाला, त्याच्या छातीतून निघाला नाही.

भिंतीवर देवांच्या फोटोंशेजारी प्लॅस्टिकमधली पावती लटकत होती, पाठची बाजू पुढे करून. माझी सही फिकट झाली होती. कचऱ्याचा शिक्का अजून ठळक होता.

मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. "जयरामराव, ती पावती तुमच्या नावावर फाडायला नको होती मी. चूक मालकाची होती, आणि ती मला दिसत होती. इतकी वर्षं मनात आहे."

"ती फाडली नसती," तो थांबत थांबत म्हणाला, "तं मी कुनाला काय सांगनार व्हतो? तीस वर्सं कोनी इचारला नाय मना. पयल्यांदा कोनीतरी लिवून दिला, का ह्याला अधिकार हाय."

घरच्या बाईंनी चहा आणला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की चुलीचा धूर, ते मी बघितलं नाही. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. मी उठलो. "जरा बाहेर जाऊन येतो."

"या जाऊन," जयराम म्हणाला.

फाटकापाशी मी सिगारेट ओठांत धरली, काडी काढली आणि सहज मागे वळून पाहिलं. जयराम खुर्चीतून उठला होता. एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने माझ्या कपाखालची बशी काढून तो ती कपावर पालथी घालत होता. एवढं करून त्याला दम लागला आणि तो छाती धरून कपाशेजारीच खाली बसला, राखण करायला. या माणसाने सगळ्यांचे ग्लास राखले. त्याची छाती राखायला आमच्यापैकी कोणीच वेळेवर पोचलं नाही. मी पोचलो तेव्हाही खिशात पाकीट घेऊन पोचलो होतो.

मी काडी न ओढता परत आलो.

"येवढ्यात?" त्याने विचारलं.

"हो."

"वडली नाय?"

"नाही."

त्याने बशी उचलून कप माझ्यापुढे सरकवला. चहा अजून गरम होता.